पेटीत राहिलेली गाठ

मी गाठ बोलतेय, लाकडातली. रंधा अडकला की सुताराच्या तोंडी जिच्यासाठी शिवी येते ना, तीच मी. आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यात जळफळाट फार आहे. कुणी म्हणेल, लाकडाला कसला आलाय हेवा? अहो, गुळगुळीत फळीच्या शेजारी जन्म काढून बघा एकदा, मग बोला.

मी सागवानाची. झाड उभं होतं तेव्हा माझ्यातून एक फांदी निघाली होती, चांगली जाडजूड, घरटी अंगावर बाळगणारी. खोडात ती जिथे रुजली होती ती जागा म्हणजे मी. वारा सुटला की फांदी मजेत हेलकावे खायची आणि सगळा ताण माझ्या माथी. एका वादळात ती मोडली. झाडाने माझ्या जखमेवर थरावर थर नवं लाकूड चढवलं, सरळ रेषांचं, निर्मळ. ते नवं लाकूड म्हणजे पुढे माझी जुळी झाली.

जुळी कशी, तर आरागिरणीत एकाच चिरेने आम्हा दोघींना वेगळं केलं. पात्याच्या अलीकडे मी ज्या फळीत होते ती फळी, पलीकडे ती. दोघींच्या अंगावरून एकच काळपट रेघ गेलेली, तिची सुरुवात माझ्याकडे आणि शेवट तिच्याकडे. पण माझ्या फळीत मधोमध मी बसलेली, काळी, गोल, टणक, शेजारी एक बारीक तडा. तिच्या अंगावर बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही. माझ्या जखमेवर वाढली आणि रूप सगळं तिने घेतलं!

वखारीत तिला छपराखाली उभं केलं, कोरड्या जागी. मला मागच्या भिंतीलगत ढिगात टाकलं. वखारवाला त्या ढिगाला ‘दुसऱ्या प्रतीचा माल’ म्हणायचा, तेही गिऱ्हाईक समोर असलं तर. एरवी ‘तो मागचा कचरा’. फर्निचरच्या दुकानाचा माणूस आला की पुढच्या फळ्या उलटून पालटून बघायचा, माझ्या जुळीच्या अंगावरून हात फिरवायचा आणि नुसता ‘वा!’ म्हणायचा. मी मागून ऐकत राहायची. माझ्यापर्यंत आलेला एकमेव हात उंदीर शोधायला आला होता.

एक दिवस जुळी गेली. कुणा मोठ्या घरच्या जेवणाच्या टेबलासाठी तिला पसंत केलं, असं कळलं. जाताना तिने मागे वळूनही बघितलं नाही. फळीला वळता येत नाही हे मला माहीत आहे, तरी राग यायचा तो आलाच. त्यानंतर ढिगातल्या वाकड्या फळ्या खोकी करायला गेल्या, तडकलेल्या गेल्या, आणि मी त्या खोक्यांवरसुद्धा जळत बसले. निदान त्यांचं काहीतरी झालं तरी!

मग एका सकाळी शिंपीणबाई आली. गळ्यात टेप तशीच, काढायला विसरलेली, आणि काखेत पुठ्ठ्याचे तुकडे.

“सागवान हवंय,” ती म्हणाली. “चांगलं, पण परवडणारं.”

वखारवाला हसला. “बाई, दोन्ही एकदम हवं असेल तर पुढच्या जन्मी या.”

“मला कुठे लांबलचक फळी हवीय? हातभर पेटी करायचीय, बाबांच्या हत्यारांसाठी. लहान लहान तुकडे चालतील.”

“असं होय? मग मागे ढीग आहे, उपसा हवा तेवढा. फक्त उपसलेलं परत रचून जा. मागचा एक गृहस्थ पसारा करून पळाला.”

ती पदर खोचून ढिगात शिरली. एकेक फळी उजेडात ओढायची, फुंकर मारून धूळ उडवायची आणि पुठ्ठा ठेवून बघायची. ते पुठ्ठे तिच्या पेटीच्या मापाचे होते, बाजूंचा एक, तळाचा एक, झाकणाचा एक. ब्लाउजचे भाग कापडावर मांडावेत तसे ती ते माझ्या फळीवर सरकवत होती. जरा डावीकडे, जरा तिरका, आता तडा टाळून. मग खडूने आखून घेतलं.

वखारवाला डोकावला. “अहो, हिच्यात मधोमध गाठ आहे. करवत लागली की रडाल.”

“कापडाला डाग असला म्हणून ठाण फेकून देते का मी? डाग सोडून बेतायचं. बघा, सहाही बाजू निघतायत.”

“आणि गाठ?”

“गाठ वगळायची.”

ऐकलंत? वगळायची. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला निवडलं म्हणून मी हरखले होते, आणि तिने निवडलं काय, तर माझ्या डावी-उजवीकडचं. तोवर मी स्वतःला अख्खी फळी समजत होते. तिच्या घरी करवत फिरली तेव्हा कळलं, मी म्हणजे फक्त ही गाठ. बाकीचे तुकडे सुटून वेगळे झाले आणि क्षणात परके. कालपर्यंत माझंच अंग होतं ते! आज त्यांना पॉलिश पेपरने गोंजारणं चाललंय आणि मी तळहाताएवढी मशीनखाली, चिंध्यांच्या पिशवीशेजारी. दुसऱ्यावर जळणारे पुष्कळ असतात. स्वतःच्याच तुकड्यांवर जळायची वेळ माझ्यावर आली.

पण त्या मशीनखाली मला एक सोबत मिळाली. शिंपीणबाई माझ्याइतकीच जळत होती. तिची मोठी बहीण पलीकडच्या वस्तीत मोठ्या घरात राहायची. एकीला मी थोरली म्हणते, दुसरीला धाकटी. त्यांचे बाबा सुतार, आता थकलेले, हाताला कंप सुटलेला. ते राहायचे थोरलीकडे. धाकटीची एकच इच्छा होती, बाबांनी काही दिवस आपल्याकडे यावं.

ती मशीन चालवता चालवता फोन मोठ्या आवाजावर ठेवायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

“ताई, पाठव ना गं बाबांना. महिनाभर तरी.”

“आणि झोपवशील कुठे? मशीनखाली? तुझ्याकडे चिंध्या, धागे, धूळ. इथे त्यांना वेगळी खोली आहे. वेळेवर जेवण आहे.”

“ते काय म्हणतात?”

“ते काय म्हणणार? बघू म्हणतात.”

फोन बंद झाला की धाकटीचा तिळपापड. “लहानपणापासून हेच,” ती कात्री आपटत म्हणायची. “ताईला धूळ बाधते, ताईला उचलून घ्या, ताईला पुढच्या खोलीत झोपवा. मी आपली भुशात खेळतेय. आणि आता बाबाही तिचेच!” मग पेटीच्या बाजू हातात घेऊन शांत व्हायची. “हत्यारं तिथे पोत्यात गंजतायत त्यांची. पेटी झाली की हत्यारं इकडे येतील. आणि हत्यारं आली की बाबा किती दिवस तिकडे राहतील?”

मला तिचं पटायचं. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

पेटी जुळवायची पद्धत तिला बाबांनी लहानपणी दाखवली होती. आधी सहाही बाजू चिकटवून अख्खी बंद पेटी करायची, मग वरून बोटभर खाली चौफेर करवत फिरवून झाकण वेगळं करायचं. म्हणजे झाकणाच्या आणि पेटीच्या रेषा एकमेकींना तंतोतंत जुळतात. धाकटीने चार बाजूंना सरस लावला, दोऱ्या आवळल्या, तर एक बाजू आत वाकायला लागली. तिने इकडेतिकडे पाहिलं. मशीनखालून मला उचललं आणि आतून आडवं ठोकून बसवलं. नेमकी मापाची निघाले! बाजू सरळ झाली. तुम्हाला सांगते, त्या दिवशी माझ्या आधाराने अख्खी पेटी उभी होती आणि ते चार तुकडे तोंडातून शब्द काढत नव्हते.

सरस वाळला. तळ आधीच लावलेला होता. आता फक्त वरची फळी बसवायची, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. नवऱ्या मुलीची आई. बाह्या घट्ट झाल्या म्हणून तणतणत आली होती. धाकटी एका कानाने तिचं ऐकतेय, ‘हो काकू, उसवून देते काकू’ म्हणतेय आणि हाताने वरच्या फळीला सरस लावतेय. लावला. फळी बसवली. वर इस्त्री ठेवली वजनाला. आणि मी आतच!

दुसऱ्या दिवशी दोऱ्या सोडल्या, पेटी उचलली, तशी मी निसटले आणि खडखडले.

“अगं बाई!” धाकटी मटकन खाली बसली. पेटी कानाशी धरून हलवली. मी पुन्हा खडखड. “जन्मभर उशा शिवल्या. कापूस भरायला तोंड ठेवायचं कधी विसरले नाही, आणि इथे?” मग तिला हसू फुटलं. एकटीच हसत बसली होती. हसून झाल्यावर तिने करवत काढली, पेटीवर टेकवली आणि तशीच थांबली. करवत जरा तिरकी गेली तर सगळी मेहनत पाण्यात. दोनदा टेकवली, दोनदा उचलली. मग पेटी चादरीत गुंडाळून ती थोरलीच्या घरी निघाली.

मला आत काही दिसत नव्हतं. पण तिथे धाकटीने पेटी टेकवली आणि त्या ठोक्याने माझ्या अंगावर काटा आला. लाकडाला लाकूड ओळखता येतं. खाली माझी जुळी होती.

“टेबलावर नको! काचेवर ओरखडा जाईल,” थोरलीचा आवाज आला. “पुसायला कालच माणूस आला होता.” पेटी लगेच जमिनीवर. बघा, इतक्या वर्षांनी भेट झाली आणि तीही काचेवरून, क्षणभर.

“काय आणलंस?” हा आवाज म्हाताऱ्या माणसाचा, बसका.

“तुमच्या हत्यारांना पेटी, बाबा. झाकण कापायचं राहिलंय.”

त्यांनी पेटी मांडीवर घेतली. हाताचा कंप लाकडातून माझ्यापर्यंत पोचला. मग त्यांनी हलवून पाहिली. मी मुद्दाम जोरात वाजले.

“आत काय ठेवलंस गं?”

“आधाराला लावलेली गाठ. काढायची विसरले.”

बाबा असे हसले, असे हसले की त्यांना ठसका लागला. थोरली पाणी घेऊन धावली. “किती महिन्यांनी हसलात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात मला काहीतरी टोचल्यासारखं वाटलं, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

“अगं, माझ्याकडूनही झालं होतं हे, शिकाऊ असताना,” बाबा म्हणाले. “आमच्या वस्तादाने पेटी महिनाभर तशीच दाराशी ठेवली होती. येणारा-जाणारा हलवून बघायचा. आण ती करवत.”

“इथे?” थोरली म्हणाली. “बाबा, भुसा होईल सगळीकडे.”

“मग कुठे कापू?”

“माझ्याकडे चला,” धाकटी म्हणाली. अगदी हळू म्हणाली, श्वास रोखून.

बाबांनी चपला शोधल्या. “संध्याकाळी येतो परत,” ते थोरलीला म्हणाले. हत्यारांचं पोतंही बरोबर घेतलं.

धाकटीच्या खोलीत पेटी शिलाईच्या मेजावर ठेवली. बाबांनी करवत टेकवली, ती थरथरायला लागली. “नाही जमणार, बाळ. हात राहत नाही.”

“तुम्ही करवत धरा. पेटी मी धरते. घाई नाही आपल्याला.”

पहिले दात फसले, घसरले, पुन्हा टेकले. पण एकदा करवतीला वाट सापडली की कंपाला जागाच उरत नाही, हे त्या दिवशी मी आतून ऐकलं. सरळ आवाज येत राहिला. फक्त एका कोपऱ्यावर पातं जरा नागमोडी गेलं. बाबा हळहळले. धाकटी म्हणाली, “राहू दे तसंच. झाकण कुठल्या बाजूने लावायचं ते कळेल.”

झाकण उघडलं आणि उजेड आला. बाबांनी मला उचललं, तळहातावर तोललं. मी तर गृहीत धरलं होतं की आता चूल किंवा कचरा. ते म्हणाले, “ही टाकू नकोस. पॉलिश पेपर गुंडाळायला अशीच जड गोष्ट हवी.” पटाशीने त्यांनी माझ्या एका बाजूला अंगठ्याएवढी खोबण कोरली, हात घसरू नये म्हणून. कोरायला मी त्रास दिलाच, सवय आहे. पण त्यांनी शिवी दिली नाही. “आहे बरं का टणक,” एवढंच म्हणाले.

ती संध्याकाळ झाली, पुढच्याही झाल्या. बाबा परत गेलेच नाहीत. धाकटीने मशीन भिंतीला सरकवून खाट लावली. बाबा रोज काहीतरी घासत बसायचे, गिऱ्हाइकांची लाटणी, शेजाऱ्यांची मोडक्या पायांची स्टुलं. मला मुठीत धरलं की कंप उतरायचा. कधी काम नसलं तरी मला हातात घेऊन खिडकीशी बसायचे. पेटीच्या बाजूंना पॉलिश मिळालं होतं, पितळी बिजागऱ्या मिळाल्या होत्या. मला बाबांचा अंगठा मिळाला. आता पेटी माझ्यावर जळायची आणि मी तिला खुशाल जळू द्यायची.

मग एकदा थोरलीच्या टेबलावरची काच तडकली, गरम पातेल्याने. आत पाणी मुरून पांढरा डाग पडला. तिने बाबांना बोलावलं, आणि बाबांबरोबर मी गेले.

काय सांगू! कागदात गुंडाळलेली मी आणि खाली माझी जुळी, उघडी, काच नसलेली. पहिला हात मारला तो मी जरा जोरातच लागले, खोटं कशाला बोलू? ती काळपट रेघ मला ओळखू आली. वाटलं, आता बोलेल काहीतरी तोऱ्यात. तर ती म्हणाली, “कोण आहे? किती दिवसांनी कुणी हात लावला गं मला.”

मी म्हटलं, “मी. मागच्या ढिगातली.”

“तुला रोज धरतात का असं?”

“रोज.”

लाकूड जळताना कसा वास येतो ते मला माहीत आहे, तोच आला. तिच्यावर वर्षानुवर्षं माणसं जेवली होती, पण काचेवर आणि काचेवरच्या कापडावर. त्या रात्री जेवणं व्हायच्या आत नवी काच बसली. थोरली सबंध वेळ दाराच्या चौकटीला टेकून बाबांच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. धूळ उडत होती तरी आत गेली नाही.

मला धरून बाबांनी शेवटचं जे घासायला घेतलं ते एक छोटं स्टूल. ते अर्धं झालं आणि बाबा गेले. झोपेतच गेले, धाकटीच्या घरी. धाकटीने मला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं, नागमोड जुळवून. आत आम्ही सगळे तुकडे पुन्हा एकत्र आलो होतो. कुणी कुणावर जळत नव्हतं. बरं वाटायला हवं होतं, पण तो अंगठा नव्हता.

काही दिवसांनी झाकण उघडलं, तर वर थोरलीचा चेहरा. तिने करवतीकडे पाहिलं नाही, रंध्याकडे पाहिलं नाही. मला उचललं.

“ही मला दे,” ती म्हणाली.

“काय? ताई, दुसरं काहीही ने. रंधा ने, पेटी ने.”

“नको. ही दे. हवं तर बदल्यात टेबल घेऊन जा.”

धाकटी हसायला गेली, पण थोरलीचे डोळे भरलेले होते. “ते टेबल ठेवू कुठे मी? तुझ्या घरी काय कमी आहे गं? बाबाही सगळी वर्षं तुझ्याकडेच होते.”

“माझ्याकडे नुसते बसलेले होते!” थोरलीचा आवाज फुटला. “तुला ठाऊक आहे, लहानपणी मी खिडकीतून बघत बसायचे? तू त्यांच्याशेजारी भुशात, ते तुझ्या हातावर हात ठेवून करवत शिकवतायत. मला म्हणायचे, तू आत जा बाळ, तुला खोकला येईल. जन्मभर मी आतच. आणि इथे आले आणि हसायला काय लागले, कामाला काय लागले... मला काय वाटलं असेल?”

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर जिच्यावर जळलो ती आपल्यावर जळत होती, हे ऐकून माणसाचं तोंड कसं होतं ते मी पाहिलं. माझंही टेबलाशी तसंच झालं असणार.

ती उठली. अर्धवट राहिलेलं स्टूल ओढून घेतलं. पॉलिश पेपर फाडला, माझ्याभोवती गुंडाळला आणि मला थोरलीच्या हातात दिलं. “बस इथे. रेषेच्या दिशेने घास, आडवं नाही.”

“मला येत नाही.”

“मलाही कुठे येत होतं? असं नको धरू. अंगठा इथे. खोबणीत.”

थोरलीचा अंगठा मऊ, नखाला रंग लावलेला. तो बाबांच्या खोबणीत बसला, अगदी बरोबर बसला. बाबांचाच होता तो, फक्त न वापरलेला. ती घासायला लागली, आधी घाबरत, मग रेटून. धूळ उडाली, ती खोकली.

“ताई, बाधेल तुला.”

“बाधू दे.”

धाकटी शेजारी बसून त्या अंगठ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखते. वखारीच्या मागच्या भिंतीलगत मी तशीच बघायची. थोडा वेळ तिने कळ काढली. मग हात पुढे केला.

“पुरे झालं. दे आता इकडे.”

थोरलीने दिली नाही. दोघींनी मला धरलं आणि ओढाओढ सुरू झाली, रडता रडता हसू, पॉलिश पेपर फाटून खाली. माझ्यासाठी हो! ढिगातल्या गाठीसाठी दोन बायका भांडत होत्या.

आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्यापैकी कुणाला थोरलीच्या घरी जेवायचा योग आला, तर काच जराशी उचला आणि माझ्या जुळीला हे सगळं सांगा. काही गाळू नका, ओढाओढीचं तर मुळीच नाही. आणि सांगून झालं की लगेच काच खाली ठेवू नका. तळहात थोडा वेळ तिच्या अंगावर राहू द्या.